होकार नाही, पण नकारही नाही : हाँगकाँगच्या नौका-निर्वासितांची परतपाठवणी

१२ डिसेंबर १९८९. हाँगकाँगमध्ये अजून उजाडायचे होते. दंगल-नियंत्रणाच्या पोशाखातले शंभरावर कर्मचारी एका बंदिस्त छावणीत शिरले आणि झोपेतल्या ५१ व्हिएतनामी माणसांना उठवून त्यांनी विमानतळावर नेले. सकाळी हे सगळे हनोईत उतरले. या ५१ जणांत ८ पुरुष, १७ स्त्रिया आणि २६ मुले होती. ही सारी माणसे लहानशा नौकांतून समुद्र ओलांडून आली होती. निर्वासित म्हणून त्यांचा दावा हाँगकाँग सरकारने फेटाळला होता, आणि आपणहून परतायला ती तयार नव्हती.

बातमी जगभर पोचली. ब्रिटिश संसदेत विरोधी मजूर पक्षाने सरकारला धारेवर धरले. अमेरिकेने जाहीर निषेध केला. हाँगकाँग तेव्हा ब्रिटनची वसाहत होती, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांच्यावर आली. ही माणसे निर्वासित नाहीत, बेकायदा स्थलांतरित आहेत, आणि अशांना परत पाठवणे हा जगभरचा रिवाज आहे, असे सरकारचे म्हणणे होते. एवढे ठाम उत्तर देऊनही दुसरे विमान लगेच उडाले नाही. ते उडायला जवळजवळ दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांत काय घडत होते, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. ब्रिटिश संसदेतल्या चर्चा, जिनिव्हाच्या दोन परिषदांचे ठराव, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे अहवाल असे कागद वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली. सक्तीच्या परतपाठवणीची मुत्सद्देगिरी निर्वासिताशी होतच नाही. तो ज्या राज्यातून पळाला, त्या राज्याशी ती होते. पाठवणाऱ्याने कितीही ठरवले, तरी घेणाऱ्याने दार उघडल्याशिवाय विमान उतरू शकत नाही. म्हणून संमती मागावी लागते, तिची किंमत ठरते आणि ती चुकवली जाते. ही संमती असते एका सरकारची. ज्याला विमानात बसवायचे, त्याच्या संमतीचे काय करायचे, हा प्रश्न मग भाषेवर सोपवला जातो. हाँगकाँगच्या प्रकरणात भाषेने हे काम कसे केले, ते पाहण्यासारखे आहे.

जहाजे

३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले. चारच दिवसांनी, ४ मे रोजी, ‘क्लारा मार्स्क’ हे डॅनिश मालवाहू जहाज ३,७४३ निर्वासितांना घेऊन हाँगकाँगच्या बंदरात आले. बुडत्या जहाजावरून त्यांना वाचवून आणलेले होते. या पहिल्या लाटेत मुख्यतः दक्षिण व्हिएतनामच्या जुन्या राजवटीशी जोडलेले लोक होते. अमेरिकेला त्यांच्याविषयी उत्तरदायित्व वाटत होते, त्यामुळे त्यांची सोय लागली.

खरा लोंढा आला १९७८ नंतर. त्या वर्षीच्या मार्चमध्ये हनोई सरकारने दक्षिणेतला खासगी व्यापार बंद केला. त्याचा सर्वांत मोठा फटका सायगॉनच्या चोलॉन भागातल्या चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांना बसला. व्हिएतनाम आणि चीन यांचे संबंध त्याच काळात बिघडत होते. १९७९ च्या फेब्रुवारीत युद्धच पेटले. चिनी वंशाच्या लोकांनी देश सोडणे सरकारला नकोसे नव्हते. माणशी सोने मोजून घ्यायचे आणि नौकेकडे काणाडोळा करायचा, अशी एक अर्ध-सरकारी व्यवस्थाच तयार झाली. डिसेंबर १९७८ मध्ये ‘हुई फाँग’ हे जहाज सुमारे ३,३०० माणसे घेऊन हाँगकाँगच्या हद्दीबाहेर येऊन थांबले. सरकारने त्याला जवळजवळ चार आठवडे आत घेतले नाही. शेवटी आत घेतल्यावर झडती झाली, तेव्हा जहाजावर दडवलेले सोने सापडले. पाठोपाठ फेब्रुवारीत ‘स्कायलक’ आले. त्यावरच्या अडीच हजारांहून अधिक माणसांना महिनोन्‌महिने जहाजावरच ठेवण्यात आले. २९ जून १९७९ रोजी प्रवाशांनी नांगराची साखळी तोडली आणि जहाज वाहत जाऊन लाम्मा बेटाच्या खडकांवर आदळले. मग त्यांना उतरवून घेण्यावाचून इलाज उरला नाही.

त्या एका वर्षात हाँगकाँगमध्ये ६८ हजारांहून अधिक माणसे आली. मलेशिया नौका ओढून पुन्हा खोल समुद्रात सोडू लागला. थायलंडच्या आखातात चाच्यांनी लूटमार आणि बलात्कारांचे थैमान घातले होते. किती नौका बुडाल्या, हे मोजणारे कोणी नव्हते.

अशा वेळी जुलै १९७९ मध्ये जिनिव्हात ६५ देशांची परिषद भरली. अमेरिकेचे उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल यांनी तिथे १९३८ च्या एव्हियाँ परिषदेची आठवण करून दिली. जर्मनीतल्या ज्यूंना आसरा कोण देणार हे ठरवायला ३२ देश तेव्हा जमले होते आणि बहुतेकांनी सहानुभूतीपलीकडे काही दिले नव्हते. या वेळी तसे झाले नाही. पाश्चात्त्य देशांनी पुनर्वसनाच्या जागा १ लाख २५ हजारांवरून २ लाख ६० हजारांवर नेल्या. आग्नेय आशियातल्या देशांनी नौकांना तात्पुरता आसरा द्यायचे मान्य केले. ही परिषद निर्वासितांच्या इतिहासातले एक उजळ पान मानली जाते, आणि ते रास्तही आहे.

पण त्या पानाची मागची बाजूही वाचायला हवी. याच परिषदेत व्हिएतनामने बेकायदा निर्गमन रोखण्याचे आश्वासन दिले. म्हणजे आपल्याच नागरिकांना किनाऱ्यावर अडवायचे. कोणताही देश सोडून जाण्याचा माणसाचा हक्क मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या १३ व्या कलमात नोंदलेला आहे. तो हक्क मोडण्याची विनंती सभ्य जगाने व्हिएतनामला केली आणि ती मान्य झाल्यावर समाधान व्यक्त केले. नौका खरोखरच कमी झाल्या. हनोईच्या हाती एक नळ आहे आणि तो सोडणे-बंद करणे विकता येते, हे त्या दिवशी सर्वांनाच कळले.

ब्रिटनचा हातही मोकळा नव्हता. तीस वर्षांनी खुल्या झालेल्या सरकारी कागदांवरून दिसते की, दहा हजार व्हिएतनामींना ब्रिटनमध्ये घ्यायला पंतप्रधान मार्गारेट थॅचर नाखूश होत्या. इंडोनेशियातले किंवा फिलिपिन्समधले एखादे बेट विकत घेऊन या लोकांना तिथे वसवावे, अशीही कल्पना त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांपुढे मांडली होती. अखेर दहा हजारांना प्रवेश मिळाला. परंतु ब्रिटनचा दरवाजा किती किलकिला आहे, हे हाँगकाँगला तेव्हाच समजले.

“आजपासून…”

हाँगकाँगची अडचण खरी होती. साधारण ५५ लाख वस्तीचे, जागेच्या टंचाईने घुसमटलेले हे शहर. तिथल्या बहुसंख्य कुटुंबांत कोणीतरी चीनमधून पळून आलेले. ऑक्टोबर १९८० पासून मात्र चीनमधून लपूनछपून आलेल्यांना पकडून लगेच परत पाठवण्याचा नियम झाला. ज्यांचे सख्खे भाऊ सीमेवरून परत लोटले जात होते, ती माणसे विचारू लागली, ‘आमच्या रक्ताच्या माणसांना एक न्याय आणि व्हिएतनामींना दुसरा, हे कसे?’ या प्रश्नाला सरकारपाशी पटण्याजोगे उत्तर नव्हते.

जुलै १९८२ पासून नव्याने येणाऱ्यांना बंद छावण्यांत ठेवणे सुरू झाले. लोकांनी येऊ नये, हा त्यामागचा उघड हेतू. तरीही ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात नौका पुन्हा वाढल्या. या वेळी येणारे बरेचसे उत्तर व्हिएतनाममधले, हाइफाँग आणि क्वांग निन्ह किनाऱ्यावरचे कोळी आणि शेतकरी होते. अमेरिकेच्या बाजूने लढल्याचा इतिहास त्यांच्यापाशी नव्हता. पाश्चात्त्य देशांना त्यांच्याविषयी विशेष देणे लागल्यासारखे वाटत नव्हते. पुनर्वसनाच्या जागा आटत गेल्या, छावण्या भरत गेल्या.

मग १६ जून १९८८ हा दिवस रेषा म्हणून आखला गेला. त्याच्या आधी आलेला तो निर्वासित. त्यानंतर आलेला तो बेकायदा स्थलांतरित, जोवर छळाची भीती तो सिद्ध करत नाही तोवर. एका रात्रीत शब्द बदलला आणि शब्दाबरोबर माणसाची जात बदलली. इथे एक कायदेशीर बारकावा ध्यानात ठेवायला हवा. ज्या देशात जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला परत ढकलू नये, हे १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचे हृदय आहे. ब्रिटनने त्या करारावर सही केली होती, पण तो हाँगकाँगला कधीच लागू केला नव्हता.

नवे धोरण समुद्रापार पोचवण्यासाठी सरकारने व्हिएतनामी भाषेत एक रेडिओ-निवेदन तयार केले. त्याची सुरुवात ‘बात दाउ तू नाय’ अशी होती. अर्थ, ‘आजपासून’. स्थानिक केंद्रांवर ते इतक्या वेळा वाजले की, एक अक्षर व्हिएतनामी न समजणाऱ्या हाँगकाँगकरांना ते तोंडपाठ झाले. पुढे तेच चार शब्द व्हिएतनामी माणसाला चिडवण्याचे टोपणनाव बनले. धोरणे विसरली गेली, पण हे शब्द त्या पिढीच्या कानात राहिले.

चाळणीचे काम इमिग्रेशन खात्याच्या अधिकाऱ्यांकडे होते. दुभाष्यामार्फत मुलाखत, नकारानंतर फेरविचार मंडळ, अशी पद्धत. निर्वासित ठरले ते साधारण पाचांत एक. उरलेल्या चौघांचे काय?

हनोईची संमती

जून १९८९ मध्ये जिनिव्हात दुसरी परिषद झाली आणि ‘सर्वंकष कृती आराखडा’ मंजूर झाला. चाळणी, निर्वासित ठरलेल्यांचे पुनर्वसन आणि बाकीच्यांची परती असा तो आराखडा होता. परती कशी? प्रथम ऐच्छिक. व्हिएतनामने डिसेंबर १९८८ मध्येच उच्चायुक्तालयाशी समझोता केला होता, की जे स्वतःहून येतील त्यांना घेऊ आणि पळून गेल्याबद्दल शिक्षा करणार नाही. मार्च १९८९ मध्ये ७५ जण असे परतलेही. पण छावण्यांत हजारो होते. ऐच्छिक परतीने वाजवी काळात पुरेशी प्रगती झाली नाही तर, आंतरराष्ट्रीय प्रथेला मान्य असे पर्याय तपासले जातील, अशा आशयाचे एक वाक्य आराखड्यात घालण्यात आले. ‘सक्ती’ हा शब्द त्यात कुठेही नाही. ज्याला सक्ती हवी त्याला ती त्या वाक्यात दिसत होती, नको त्याला दिसत नव्हती. सर्वांच्या सह्या होण्यासाठी वाक्य असेच लागते.

सहाच महिन्यांत ब्रिटनने तो पर्याय वापरला, तीच १२ डिसेंबरची पहाट. आणि इथे एक विलक्षण चित्र उभे राहिले. सक्तीच्या परतीला जाहीर विरोध करणाऱ्या दोन राजधान्या होत्या वॉशिंग्टन आणि हनोई. ज्यांचे एकमेकांशी राजनैतिक संबंधही नव्हते, ते दोन जुने शत्रू या एका मुद्द्यावर एका बाजूला होते. जानेवारी १९९० च्या जिनिव्हा बैठकीत या दोघांमुळे एकमत होऊ शकले नाही.

दोघांची कारणे वेगळी होती. साम्यवादी राजवटीत माणसाला जबरदस्तीने परत पाठवण्यास अमेरिका तयार नव्हती. तसे करणे म्हणजे जिच्यावर आपण व्यापारबंदी घातली आहे ती राजवट सुरक्षित आहे, असे प्रमाणपत्र देणे. उलट व्हिएतनामला ते प्रमाणपत्र हवेच होते, पण फुकट द्यायचे नव्हते. कंबोडियातून सैन्य काढून घेतले होते, ‘दोई मोई’ नावाच्या आर्थिक सुधारणा चालू होत्या, तरी मदत आणि कर्जाची दारे बंद होती. हातात असलेला एक हुकमी पत्ता म्हणजे छावण्यांतली माणसे. ‘आमच्या नागरिकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणू नका’ असे मानवतावादी वाक्य हनोई बोलत होते. ज्या नागरिकांच्या इच्छेला देशात फारसे मोल नव्हते, त्यांच्या इच्छेची राखण ते सरकार परदेशी विमानतळावर करत होते.

अमेरिकेच्या नैतिक भूमिकेलाही एक छिद्र होते आणि लंडन-हाँगकाँगमधून त्यावर बोट ठेवले जात होते. सप्टेंबर १९८१ मध्ये रेगन सरकारने हैतीच्या जाँ-क्लोद दुवालिए यांच्या हुकूमशाहीशी पत्रांच्या देवाणघेवाणीने करार केला होता. त्याआधारे अमेरिकी तटरक्षक दल हैतीच्या नौका भर समुद्रात अडवून माणसे परत नेऊन सोडत होते. १९८१ ते १९९० या काळात अशा २२,९४० जणांना अडवले गेले. त्यांतल्या ११ जणांना आश्रयाचा अर्ज करण्यास पात्र ठरवले गेले. मे १९९२ मध्ये तर अध्यक्ष बुश यांनी चौकशीविनाच परत नेण्याचा हुकूम काढला. क्लिंटन यांनी प्रचारात त्यावर टीका केली आणि सत्तेवर येताच तो चालू ठेवला. जून १९९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तो वैध ठरवला. दक्षिण चीन समुद्रात जी गोष्ट अमानुष, ती कॅरिबियनमध्ये सीमारक्षण होती.

ब्रिटनचे ढोंगही त्याच आठवड्यात उघडे पडले. तिआनमेन चौकातल्या गोळीबाराने हाँगकाँगची जनता हादरली होती. १९९७ मध्ये शहर चीनकडे जाणार होते. उद्या आपल्यावरच नौकेत बसायची वेळ आली तर कोण घेईल, हा प्रश्न तिथे घराघरांत होता. पहिले सक्तीचे विमान उडाल्यानंतर आठच दिवसांनी, २० डिसेंबरला, हाँगकाँगच्या ५० हजार निवडक कुटुंबप्रमुखांना ब्रिटिश नागरिकत्व देण्याची योजना हर्ड यांनी जाहीर केली. निवड होणार होती ती मुख्यतः शिक्षण, व्यवसाय, उपयुक्तता यांवरून. भयाने दार ठोठावणाऱ्यांतून निवडायचे कसे, याच्या दोन रीती आठ दिवसांच्या अंतराने एकाच मंत्र्याने जगाला दाखवल्या.

कोंडी फुटली ती आधी भाषेत. सप्टेंबर १९९० मध्ये ब्रिटन, व्हिएतनाम आणि उच्चायुक्तालय यांच्यात एक समझोता झाला. त्यात परतणाऱ्यांचा एक नवाच वर्ग जन्माला आला. परत जायला जे स्वतःहून तयार नाहीत, पण परत जाण्याला ज्यांचा विरोधही नाही, असे लोक. मी हा शब्दप्रयोग प्रथम वाचला तेव्हा लग्नाच्या बैठकीतली मुकी वधू आठवली. तिने ‘हो’ म्हटलेले नसते, पण ‘नाही’ही म्हटलेले नसते, आणि वडीलधारी मंडळी तेवढ्यावर सुपारी फोडतात. ‘पाठवणी’ हा शब्दही आपण तिच्यासाठीच राखून ठेवला आहे.

या वर्गात फारसे कोणी सापडले नाही. तुला जायचे आहे का, या प्रश्नाला छावणीतला माणूस ‘नाही’ असेच म्हणत होता. १९९१ मध्ये आणखी सुमारे वीस हजार माणसे आली आणि छावण्यांतली संख्या ६० हजारांवर गेली. त्यांत काही असेही होते, जे एकदा मदतीची रक्कम घेऊन स्वेच्छेने परत गेले आणि पुन्हा नौकेत बसून आले.

कोंडी खरोखर फुटली ती पॅरिसमध्ये. २३ ऑक्टोबर १९९१ रोजी कंबोडियाविषयीचा शांतता करार झाला आणि व्हिएतनामचा वनवास संपण्याची चिन्हे दिसू लागली. सहाच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, ब्रिटन आणि व्हिएतनाम यांनी हनोईत करार केला. निर्वासित न ठरलेल्या सर्वांना परत घेण्याचे व्हिएतनामने कबूल केले. ९ नोव्हेंबरला पहिले विमान ५९ जणांना घेऊन गेले. त्यांत दुसऱ्यांदा आलेल्यांचा भरणा होता. काहींना अक्षरशः उचलून विमानात चढवावे लागले. या कार्यक्रमाचे नाव होते, ‘सुव्यवस्थित परती’. १९७९ मध्ये व्हिएतनाममधून कायदेशीर बाहेर पडण्यासाठी जो कार्यक्रम आखला, त्याचे नाव होते ‘सुव्यवस्थित निर्गमन’. जाणे सुव्यवस्थित, येणेही सुव्यवस्थित. मधली तारेआडची वर्षे कोणत्याच नावात नाहीत.

दोन वर्षे हनोईने ज्या ‘नाही’ची राखण केली होती, तिचे काय झाले? त्या ‘नाही’त तसूभरही फरक पडला नव्हता. तिचा उपयोग तेवढा संपला होता. परतलेल्यांच्या नावाने युरोपीय समुदायाचा मोठा मदत-कार्यक्रम सुरू झाला. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठवली. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध जुळले आणि त्याच महिन्यात व्हिएतनाम आसियानचा सदस्य झाला.

तारेआड

करारांच्या तारखा लिहिताना एक धोका असतो. मधला काळ रिकामा वाटू लागतो. तो छावण्यांत रिकामा नव्हता. व्हाइटहेड, हाय आयलंड, सेक काँग, ताई आ चाऊ ही त्या छावण्यांची नावे. पत्र्याच्या लांब बराकी, तीन मजली फळ्यांचे बिछाने आणि एकेका फळीवर पडदा लावून राहणारे एकेक कुटुंब. एकट्या व्हाइटहेडमध्ये वीस हजारांहून अधिक माणसे होती. मुले तिथे जन्मली आणि शाळेच्या वयाची झाली. त्यांनी बाहेरचे गाव पाहिले नव्हते.

३ फेब्रुवारी १९९२, व्हिएतनामी नववर्षाची पूर्वसंध्या. सेक काँगमध्ये उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या गटांत भांडण पेटले, एका बराकीला आग लावली गेली आणि २४ माणसे जळून मेली. युद्ध संपून सतरा वर्षे झाली होती, पण देशाची जुनी फाळणी तारेच्या आत जिवंत होती. पुढची वर्षे उपोषणे, छपरांवर चढून निदर्शने, अश्रुधूर अशी गेली. मे १९९६ मध्ये व्हाइटहेडमध्ये इमारती आणि वाहने पेटवून शंभराहून अधिक जण पळाले.

या चिघळण्यात दूरच्या राजकारणाचाही वाटा होता. १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये ख्रिस स्मिथ यांच्या पुढाकाराने अशी तरतूद पुढे आली, की छावण्यांतल्या लोकांच्या दाव्यांचा फेरविचार व्हावा. हेतू चांगला होता. छावण्यांत मात्र त्याचा अर्थ असा लागला की, आणखी थोडे थांबले तर अमेरिका मिळेल. ऐच्छिक परती घसरली. शेवटी १९९६ मध्ये तोडगा निघाला. आधी व्हिएतनामला परत जा, तिथे अमेरिकी अधिकारी तुमची मुलाखत घेतील, पात्र ठरलात तर अमेरिकेला या. पळालेल्या माणसाला मुक्कामी पोचण्यासाठी आधी परत जाण्याची अट घातली गेली. तरीही हजारो लोकांनी ती मान्य केली आणि अनेकांना तो रस्ता खरोखर मिळाला.

हिशेब

परतपाठवणीच्या समर्थकांचे म्हणणे डावलून हा इतिहास लिहिणे अप्रामाणिक होईल. १९९१ मध्ये वीस हजार आले होते. सक्तीच्या करारानंतर, १९९२ या पूर्ण वर्षात, हाँगकाँगमध्ये आलेल्यांची संख्या होती १२. बुडू शकली असती अशी कितीतरी माणसे समुद्रात उतरलीच नाहीत. उच्चायुक्तालयाच्या निरीक्षकांनी परतलेल्यांच्या गावोगाव हजारो भेटी घेतल्या. पळून गेल्याबद्दल सरसकट छळ झाल्याचे त्यांना आढळले नाही. ‘दोई मोई’नंतरचा व्हिएतनाम १९७८ चा व्हिएतनाम राहिला नव्हता. आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष सर्जिओ व्हिएरा दि मेलो यांच्यासारख्या माणसांची अशीच धारणा होती, की चाळणी आणि परती नसती, तर आग्नेय आशियातल्या देशांनी खऱ्या निर्वासितालाही किनाऱ्याला लागू दिले नसते. हा युक्तिवाद पोकळ नाही. १९८९-९० मध्ये मलेशियाने हजारोंना पुन्हा समुद्रात लोटलेच होते.

१९७५ ते १९९५ या काळात सुमारे ८ लाख व्हिएतनामी नौकांनी वेगवेगळ्या देशांत पोचले. हाँगकाँगमध्ये आलेल्यांपैकी १ लाख ४३ हजारांहून अधिक लोकांचे परदेशांत पुनर्वसन झाले आणि ६७ हजारांहून अधिक लोक परत गेले. उरलेल्या सुमारे १,४०० जणांना २००० साली तिथेच राहू देण्यात आले आणि पिलर पॉइंटची शेवटची छावणी बंद झाली. छावण्यांच्या खर्चापोटी हाँगकाँगने उच्चायुक्तालयाला उसने दिलेले ११६ कोटी हाँगकाँग डॉलर मात्र अडकून पडले. त्याचे काय झाले, अशी विचारणा तिथल्या विधिमंडळात वर्षानुवर्षे होत राहिली.

परत गेलेल्या ६७ हजारांतले बहुतेक ‘ऐच्छिक’ या रकान्यात नोंदलेले आहेत. माझी अडचण या रकान्याशी आहे. सक्तीचे विमान दर काही आठवड्यांनी उडत असताना, तारेआड पाच-सहा वर्षे काढल्यावर, ‘स्वतः गेलास तर थोडी रक्कम मिळेल, नाहीतर उचलून नेऊ’ असे समोर दिसत असताना माणूस जे निवडतो, त्याला स्वेच्छा म्हणायचे का? सक्तीची विमाने प्रत्यक्षात थोडी होती. त्यांचे मुख्य काम माणसे नेण्याचे नव्हते, उरलेल्यांना ऐच्छिक करण्याचे होते.

महाभारतातली शिबी राजाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ससाण्याला भिऊन कबुतर राजाच्या मांडीवर येते. ससाणा म्हणतो, हे माझे अन्न आहे. गोष्टीतले न्यायाचे भान असे, की राजा ससाण्याचा दावा खोटा ठरवत नाही. तो तराजू मागवतो आणि स्वतःचे मांस कापून पारड्यात घालतो. हाँगकाँगमध्येही दावे खरे होते. शहराचे खरे, कोळ्याचे खरे, खऱ्या निर्वासिताची वाट मोकळी राहावी म्हणणाऱ्यांचेही खरे. तराजूही जिनिव्हात दोनदा मांडला गेला. पहिल्या वेळी देशांनी त्यात स्वतःचे काही घातले. दुसऱ्या वेळी पारड्यात पडले ते कबुतराचेच मांस.

पुढच्या काळात हाच साचा वापरात राहिला. २०१६ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानशी केलेला समझोता घ्या. ग्रीक बेटांवर पोचलेल्यांना परत घ्यायचे आणि बदल्यात अब्जावधी युरो मिळवायचे. इटलीने लिबियाशी केलेला २०१७ चा करार घ्या. देश बदलतात, रकमा वाढतात, नळ ज्याच्या हाती त्याच्याशीच बोलणी होतात.

आपण यापासून दूर आहोत असे नाही. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. १९८३ नंतर श्रीलंकेतले तमिळ नौकांनी रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा तामिळनाडूने त्यांना मोठ्या मनाने घेतले. मे १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली आणि हवा पालटली. जानेवारी १९९२ पासून त्यांची परती सुरू झाली. १९९५ मध्ये तिकडे युद्ध पुन्हा पेटून ती थांबेपर्यंत पन्नास हजारांहून अधिक जण परत गेले होते. सरकारी नोंदीत ही परतीही ऐच्छिक होती. ती तशी आहे का, हे पडताळण्याची मुभा उच्चायुक्तालयाला मिळाली ती परती सुरू होऊन काही महिने उलटल्यावर. आधी गेलेल्यांची इच्छा पडताळणारे त्रयस्थ कोणी नव्हते.

असे कागद वाचताना ‘स्वेच्छेने’ हा शब्द दिसला की, मी आता त्याच्यापाशी थांबतो. त्या माणसाला ‘नाही’ म्हणता आले असते का, हे आधी पाहतो. मग पाहतो, त्याने तसे म्हटले असते तर नौका किंवा विमान त्याला मागे ठेवून निघाले असते का. या दोन प्रश्नांची उत्तरे कागदात मिळाली नाहीत, तर त्या शब्दाला मी सरकारचा शब्द समजतो, माणसाचा नाही.